ओट्याखालचे बुडबुडे

आमच्या ओट्याखाली एक पांढरा डबा आहे. त्याच्या झाकणावर पाणी भरलेली छोटी नळी आहे. आत बियर आंबत असते तोवर त्या पाण्यातून बुडबुडे येतात. ते थांबले की बियर बाटल्यांत भरायची, एवढं सांगून सुट्टीवर आलेला दादा परत कॅनडाला गेला.

बाटल्या मी रद्दीवाल्याकडून आणल्या. "ताई, लोक विकायला येतात, तुम्ही घेऊन जाता!" तो हसला. मग त्या भिजवल्या, लेबलांचा गोंद नखांनी खरवडला. "घराचा गुत्ता करून ठेवलाय," असं आई रोज म्हणते.

पण पूर्वी फक्त रविवारी फोन करणारा दादा आता रोज विचारतो, "काय गं, येतायत ना बुडबुडे?" त्याला 'करमतं का तिकडे?' असं विचारायला मला संकोच वाटतो. बुडबुड्यांबद्दल मात्र मी पाच-पाच मिनिटं बोलते. लांब गेलेल्या माणसाशी रोज बोलायला काहीतरी कारण लागतं.

चार दिवसांपूर्वी बुडबुडे थांबले. धुतलेल्या बाटल्या ओट्यावर उलट्या पडून आहेत.

आज फोन आला तेव्हा आई शेजारीच पोळ्या लाटत होती.

"अजून येतायत," मी म्हटलं.

"इतके दिवस? थंडी पडली का तिकडे?"

मी ओट्यावरच्या उलट्या बाटल्यांकडे पाहिलं. आईने वाकून नळीतल्या निश्चल पाण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पिठाचे हात तसेच ठेवून ती फोनजवळ आली.

"अरे, आत्ताच एक आला बघ."