मार्तंडरावांच्या हातचं काम

सेनगावात मिस्त्र्यांना तोटा नाही. नळाचे आहेत, विजेचे आहेत, फरशीचे आहेत, आणि तिन्ही कामं येतात म्हणून सांगणारे तर चौकाचौकात आहेत. पण यातल्या एकानंही आपल्या घराची पायरी चढलेली नाही, असं मार्तंडराव पुराणिक छाती पुढे काढून सांगत. "मिस्त्री एक भोक बुजवतो अन् दोन पाडून जातो," हे त्यांचं आवडतं वाक्य. तहसिलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला हा माणूस. सारी हयात दुसऱ्यांच्या अर्जातल्या चुका काढण्यात गेलेली. आपल्याही कामात चूक असू शकते, ही शंका त्यांना चुकूनसुद्धा शिवली नव्हती.

बारा वर्षांपूर्वी घर बांधलं तेव्हाच त्यांनी पोथ्यांची लोखंडी पेटी रिकामी करून तिच्यात हत्यारं भरली. पोथ्या कपाटावर गेल्या. पेटीत पान्हे, पक्कड, तीन आकाराचे पेचकस, सुतळीचा गुंडा, पांढऱ्या सिमेंटची पुडी आणि सायकलच्या जुन्या ट्यूबच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या. या ट्यूबवर त्यांची फार श्रद्धा. नळ गळो, पाइप फुटो, खुर्चीचा पाय हलो, मार्तंडराव ट्यूबची पट्टी गुंडाळत, वर सुतळी आवळत आणि दोन पावलं मागं सरून मान हलवत.

त्यांच्या हातून काय काय झालं हे सांगायला बसलं तर दिवस पुरणार नाही. त्यांनी दारावरची बेल बसवली, ती दाबली की स्वयंपाकघरातला पंखा फिरू लागला. "आवाजापेक्षा हे बरं, पाहुणा आल्याचं कळलं अन् वाराबी लागला," म्हणून त्यांनी ते आठ दिवस तसंच चालवलं. गच्चीवरच्या टाकीचा बॉल बदलला, तर टाकी रात्रभर वाहिली आणि शेजारच्या शकुंतलाबाईंनी पत्र्यावर वाळत घातलेल्या सगळ्या कुरडयांचा सकाळी पुन्हा चीक झाला. स्वयंपाकघरात त्यांनी एक फळी ठोकली. ती एका अंगाला अशी कललेली, की डबे रोज थोडे थोडे सरकत जाऊन कोपऱ्यात दाटीवाटीनं उभे राहत.

नवल पुढंच आहे. मार्तंडरावांचं काम आधी बिघडे हे खरं, पण नंतर आपोआप सुधरे. आणि सुधरे ते नेमकं त्यांच्या पूजेच्या महिन्यात. गावातल्या नृसिंहाच्या देवळाची पूजा तीन भाऊबंदांत वाटलेली, म्हणजे दर तिसरा महिना मार्तंडरावांचा. त्या महिन्यात पहाटे पाचला ते देवळात जात, अभिषेक, पूजा, आरती उरकून साडेआठला घरी येत. आदल्या संध्याकाळी हात लावलेला, तरीही ठिबकणारा नळ सकाळी परतल्यावर कोरडा ठणठणीत असे. बेल दाबली की बेलच वाजे.

"बगा," अनुसूयाबाई म्हणत, "मी सांगत नव्हते? आपला महिना असला की तुमच्या हाताला देवाचा हात लागतो. इतर महिन्यात कशाला हात घालता उगं?"

मार्तंडरावांना हे पटलं. नुसतं पटलं नाही, देवळात येणाऱ्या माणसांना ते प्रसादाबरोबर हेही देऊ लागले. "आपण काय, आपण निमित्त. करणारा वेगळाच," असं म्हणून ते गाभाऱ्याकडे बोट दाखवत.

करणारा वेगळाच होता यात वादच नाही. त्याचं नाव प्रेमदास. सेनगावाबाहेर तीन किलोमीटरवरच्या तांड्यावर राहणारा, नळापासून फरशीपर्यंत सगळं जाणणारा मिस्त्री. मार्तंडराव देवळाच्या वाटेला लागले की अनुसूयाबाई त्याला फोन करत. प्रेमदास सहाला येई, ट्यूब आणि सुतळी सोडवून नीट काम करी, आणि जाताना वरून ट्यूब-सुतळी जशीच्या तशी बांधून ठेवी. आठला तो गेलेला असे. बारा वर्षं हे असं चाललं होतं. सगळ्या गल्लीला माहीत होतं. नृसिंहालाही माहीत असणार, पण तो बोलत नाही.

तर अशा या सुखी संसारात अनुसूयाबाईंचा गुडघा बिघडला. नांदेडला लेक नीलांबरी राहते, तिनं आईला तिकडे नेऊन गुडघा बदलून घेतला आणि तीन आठवडे ठेवून घेतलं. घरी सोडण्याआधी तिनं वडिलांना फोन केला.

"बाबा, डॉक्टरांनी सांगितलंय, बाथरूमात धरून उठायला भिंतीत स्टीलची दांडी पाहिजे. आई एकदा पडली तर सगळं मुसळ केरात. मिस्त्री बोलवा. ऐकून राहिले ना?"

"ऐकून राहिलो," मार्तंडराव म्हणाले. ऐकलं त्यांनी खरंच होतं.

मागून अनुसूयाबाईंनी फोन घेतला. त्यांच्या आवाजात धास्ती होती. "अहो, आपला पूजेचा महिना लागू द्या ना. मग लावा दांडी."

"त्याला अजून वीस दिवस आहेत. तोवर तू बिनअंघोळीची राहणार का?"

अनुसूयाबाई मनात दिवस मोजू लागल्या. हा महिना चुलतभावाचा. नवरा चोवीस तास घरात. प्रेमदासला बोलवायचं तरी कधी?

मार्तंडरावांनी हिंगोलीहून दांडी आणली आणि या कामात जीव ओतला, हे त्यांचे वैरीसुद्धा नाकारणार नाहीत. अनुसूयाबाईंच्या उंचीचा अंदाज यावा म्हणून ते स्वतः गुडघे वाकवून स्टुलावर बसले, उठले, पुन्हा बसले. पेन्सिलीनं खुणा केल्या. फरशीला भोकं पाडली, त्यात लाकडाच्या खुंट्या ठोकल्या, स्क्रू आवळले, भोवती पांढरं सिमेंट लिंपलं. या खेपेला ट्यूब लावली नाही. बायकोच्या हाताला काळं लागेल म्हणून.

शुक्रवारी सकाळी अंघोळ करून उठताना त्यांचा पाय साबणावरून सटकला. हात आपोआप दांडीकडे गेला. दांडी हाती आली. पुरती हाती आली, खुंट्यांसकट आणि दोन फरश्यांसकट. मार्तंडराव दाणकन खाली बसले. त्यांना फारसं लागलं नाही, कंबर तेवढी सणकली. पण ते ओल्या जमिनीवर तसेच बसून राहिले, दांडी मांडीवर घेऊन. रविवारी इथं अनुसूया असती. टाके नुकते निघालेले, गुडघा नवा. ती या दांडीवर भार टाकून उठली असती. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःच्या हातांची भीती वाटली.

देवाचा महिना यायला अठरा दिवस होते आणि बायको यायला दोन. मार्तंडरावांनी स्कूटर काढली. गावातला मिस्त्री बोलवावा तर गल्लीत बोभाटा होणार, बारा वर्षांची अब्रू एका सकाळीत जाणार. म्हणून त्यांनी मुद्दाम गावाबाहेरचा, आपल्या घराशी काडीचा संबंध नसलेला मिस्त्री शोधायचं ठरवलं. एस.टी. स्टँडच्या भिंतीवर एक नाव रंगवलेलं त्यांनी कितीदा तरी वाचलं होतं. प्रेमदास मिस्त्री, नळ फिटिंग व फरशी.

प्रेमदास तांड्यावर घरापुढं पाइप कापत बसला होता. मार्तंडरावांना पाहून त्याच्या हातातली करवत थांबली.

"काका, तुमी? सोता?"

"तुम्ही ओळखता मला?"

प्रेमदासनं करवत खाली ठेवली. "देवळात बघतो ना. पूजेला."

मार्तंडरावांनी आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. दांडी पडली, बायको परवा येणार, कुणाला कळता कामा नये. "तिला वाटू द्या मीच बसवली. मी मिस्त्री आणत नाही, याचं तिला फार भूषण आहे."

"व्हय काका," प्रेमदास म्हणाला आणि हत्यारांची पिशवी शोधायला म्हणून घाईघाईनं आत गेला. त्याला बाहेर यायला जरा वेळच लागला.

दोघं गल्लीत शिरले तेव्हा शकुंतलाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. "काय प्रेमदास, आज दुपारचा?" त्या सहज बोलून गेल्या, आणि मागून येणारे मार्तंडराव दिसताच सुपात तोंड घालून बसल्या. मार्तंडरावांना वाटलं, मिस्त्री माणूस, ओळखत असतील.

दारात प्रेमदासनं विचारलं, "बाथरूम कुनीकडं हाये, काका?" विचारता विचारताच तो चपला काढून, बोळातून वळून, बाथरूमच्या दारात जाऊन उभाही राहिला. मार्तंडरावांना तेव्हाही काही वाटलं नाही. शहाण्या माणसाच्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागतो.

"फरशीमागं पाइप दिसतोय, पानी बंद करा लागंल," प्रेमदास म्हणाला.

मार्तंडराव घराचा मुख्य कॉक शोधायला निघाले. तो मोरीमागे होता, निदान त्यांनी बसवला तेव्हा तिथंच होता. मोरीमागं कॉक नव्हता. गच्चीच्या जिन्याखाली नव्हता. दहा मिनिटांनी ते घाम पुसत परत आले, तर पाणी केव्हाच बंद झालेलं. प्रेमदासनं अंगणात जाऊन, धुण्याच्या दगडाजवळची सैल वीट उचलून, तिच्याखालचा कॉक फिरवला होता. वीट बाजूला पडली होती. मार्तंडराव त्या विटेकडे बघत राहिले. मग प्रेमदासकडे.

"तुम्हाला कसं माहीत?"

प्रेमदास खाली बसला. हात गुडघ्यांवर ठेवले. "काका, काकूनं शपथ घातली व्हती. मी तोंडातून एक शब्द काढला न्हाई. तुमी बी कदी इचारलं न्हाई."

"टाकीचा बॉल?"

प्रेमदासनं मान खाली घातली.

"बेल? गिझर? मागच्या साली संडासातली फ्लशची टाकी?"

प्रत्येक शब्दाला ती मान आणखी खाली जात होती. मार्तंडराव उंबऱ्यावर टेकले. त्यांना देवळात गाभाऱ्याकडे बोट दाखवणारा आपला हात आठवला आणि तो कुठं लपवावा ते कळेना. राग यायला हवा होता, आला नाही. लाज मात्र भरपूर आली.

"या घरात माझ्या हातचं काहीच राहिलं न्हाई म्हणायचं," ते शेवटी म्हणाले.

"फळी हाये ना," प्रेमदास चटकन म्हणाला. "सैपाकघरातली. मी म्हनलो काकूला, धा मिनटात सरळ करतो. काकू म्हनल्या, तिला हात लावू नको, ती यांच्या हातची हाये."

मग तो उठला आणि कामाला लागला. पोकळ झालेला गिलावा फोडून विटेपर्यंत गेला, लांब बोल्ट आत घातले, सिमेंट भरलं. दुसऱ्या दिवशी सिमेंट धरल्यावर पुन्हा आला, फरशी चिकटवली, दांडी आवळली आणि दोन्ही पाय उचलून तिला लटकला. चांगला ऐंशी किलोचा गडी. दांडी हलली नाही. "काकूला सांगू नका मी आलतो म्हनून," जाताना तो म्हणाला. "तुमीच बसवली म्हना. त्यास्नी बरं वाटंल."

रविवारी नीलांबरीनं आईला गाडीतून आणून सोडलं. प्रवासानं अंग चिकट झालंय, अंघोळ करते, म्हणून अनुसूयाबाई वॉकर टेकत बाथरूमपाशी गेल्या. नीलांबरी स्वयंपाकघरात चहा टाकत होती. अनुसूयाबाईंनी दांडी पाहिली.

"तुमी बसवली?"

मार्तंडराव खरं सांगणार होते. पण बारा वर्षांची सवय जिभेच्या टोकावर बसलेली. "हो तर," ते म्हणाले. "शुक्रवारी."

शुक्रवारी. पूजेचा महिना नाही, नवरा दिवसभर घरी, म्हणजे प्रेमदास आलेला नाही. हा हिशोब अनुसूयाबाईंच्या चेहऱ्यावर होताना मार्तंडरावांनी स्पष्ट पाहिला. तोच चेहरा त्यांनी पेटी उघडताना शेकडो वेळा पाहिला होता आणि दर वेळी त्याला कौतुक समजले होते.

अनुसूयाबाईंनी स्टुलावर बसून अंघोळ केली. दार नुसतं लोटलेलं होतं, मार्तंडराव टॉवेल घेऊन बाहेर उभे. फटीतून त्यांना बायकोचा हात दिसत होता. तो हात दांडीकडे गेला, थांबला, मागं आला. पुटपुटल्याचा आवाज आला. मग दोन्ही हातांनी त्यांनी दांडी घट्ट धरली आणि अंगाचा सगळा भार तिच्यावर टाकून त्या उभ्या राहिल्या.

"बराबर बसवली हो," आतून आवाज आला. जरा कापरा होता.

मार्तंडराव दाराच्या फटीशी वाकले. "अगं, मी न्हाई बसवली ती. प्रेमदासनं बसवली."

मग अनुसूयाबाई अगदी सरळ आवाजात म्हणाल्या, "कोण प्रेमदास?"

"तोच, ज्याला आपल्या घराचा कॉक माझ्याआधी सापडतो."

आणि मग आतला आवाज चढला. "मग आधी सांगायला काय झालतं? जीव मुठीत धरून उठले मी! नृसिंहाला नारळ बोलले!"

"तुला माहीत होतं माझ्या हातचं टिकत न्हाई," मार्तंडराव म्हणाले. "बारा वर्षं माहीत होतं. मग एवढा भार टाकलास काहून? नीलू घरातच आहे, तिला हाक मारायची."

"तुमी दाराशी उभे होता," अनुसूयाबाई म्हणाल्या. "तुमच्यादेखत तिला हाक कशी मारू? द्या तो टॉवेल."