कॅमेऱ्यालेही ऊन लागते

लेन्सच्या तोंडावर ऊन अडवणारा हूड फिरवून बसवला की ‘टक्’ असा आवाज होतो, आणि मला रामटेकच्या गडावरची ती संध्याकाळ आठवते. हिवाळ्याचे दिवस होते, खाली धान कापलेली शेतं पिवळी दिसत होती आणि वाऱ्याला तणसाचा वास होता. नव्या कॅमेऱ्यानं मला बाबांचा एक तरी चांगला फोटो काढायचा होता, कारण फोटो म्हटला की त्यांचा चेहरा ओळखपत्रावरच्यासारखा व्हायचा. नेमका हूड मी घरी विसरले होते. उतरतं ऊन तिरपं लेन्सवर पडायचं आणि प्रत्येक फोटोत बाबांवर पांढुरका पडदा यायचा. शेजारी आई कपाळावर हात आडवा धरून आमची गंमत बघत होती. तो हात पाहून मला सुचलं. “आई, तसाच हात जरा लेन्सवर धर ना.” “काहून वं, कॅमेऱ्यालेही ऊन लागते काय?” म्हणत ती आली आणि टाचा उंचावून, श्वास रोखून उभी राहिली. पडदा गेला, रंग खुलले. “माही बांगडी तं नाही येऊन राहिली त्यात?” तिनं ओठ न हलवता विचारलं, आणि तिचा तो अवतार बघून बाबा खळखळून हसले. मी बटण दाबलं. कोपऱ्यात बांगडी आलीच. आता हूड कायम बॅगेत असतो, ऊन समोरून असो की बाजूनं, मी तो लावतेच. फक्त बाबांचा फोटो काढायचा असला की तो बॅगेतच राहू देते आणि आईला हाक मारते.