सगळ्यांना कळणारी भाषा

ऐंशी सालाच्या आसपास वर्ध्याजवळच्या एका आश्रमाचं स्वयंपाकघर माझ्याकडे होतं. तिथे जेवणाऱ्यानं आधी भाजी चिरायला बसायचं, हा नियम पाहुण्यांनाही होता. त्या सकाळी एक इटालियन, एक स्पॅनिश आणि एक फ्रेंच बाई विळ्यांशी झटापट करत होत्या. आपसात त्या खुणांनीच बोलत.

तेवढ्यात एक उंच, म्हातारा परदेशी वांग्यांच्या टोपलीशी येऊन बसला आणि तिघींना काहीतरी म्हणाला. तिघींनी लगेच देठ काढून फोडी पाण्यात टाकल्या. मी चाटच पडले. त्यांच्या सख्ख्या बहिणींसारख्या भाषांमधून आपण सर्वांसाठी एक भाषा घडवली आहे, असं त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं.

पण तिघी उत्तरं देत होत्या आपापल्या भाषेतच. दरवेळी तो मान पुढे करून आशेनं ऐकायचा आणि मग बोटं पुसत बसायचा.

पोळ्या लाटणारी मावशी म्हणाली, "बाप्पा, मलेही शिकवा. माहा बुढा तं कोन्तीच भाषा ऐकत नाई. घरी कोनासंगं बोलता हे भाषा?"

"बेटी से. जनम से यही."

"मंग थे पोरगी बोलत असन ना?"

"समझती सब है. जवाब माँ की भाषा में देती है. इस में आज तक किसी ने जवाब नहीं दिया."

पोटच्या पोरीनंसुद्धा नाही!

मावशीनं लाटणं ठेवलं. "पान्याले काय म्हनता?"

"आक्वा."

तिनं पेला भरून त्याच्यापुढे धरला. "घ्या, आक्वा."

पेला न घेताच तो ओल्या हातांनी तोंड झाकून हमसून हमसून रडू लागला.