केबिनची कडी

त्या कारखान्यात आतून कडी लागेल अशा खोल्या दोनच. एक साहेबांची आणि एक माझी.

माझी म्हणजे गेटची केबिन. चार पावलं लांब, तीन पावलं रुंद, वर सिमेंटचा पत्रा. एक खुर्ची, एक टेबल, टेबलावर गेटचं रजिस्टर. अंबडच्या त्या कारखान्यात मी वॉचमन होतो. शिक्षण चौथी नापास, तेही कळवणकडच्या एका खेड्यातल्या शाळेत. लिहायला खरा शिकलो तो त्या रजिस्टरमध्येच. ट्रकचा नंबर, आत काय आलं, बाहेर काय गेलं, किती वाजता. माझ्या रजिस्टरात खाडाखोड नसायची. नवा माणूस कामावर लागला की साहेब त्याला माझं रजिस्टर दाखवायचे. हे मी आजही सांगतो, कारण ते खरं आहे.

आत बिजलीची बटणं जोडायचं काम चालायचं, ते सगळं बायकांकडं. सहा वाजता सुटल्या की गेटवर रांग लागायची. तांब्याची तार बाहेर जाऊ नये म्हणून झडती. अंगाला हात लावायचा नाही, फक्त पिशवी उघडून बघायची. त्या रांगेत माझी सूनही असायची. तिला मीच तिथं चिकटवली होती. पोरगा ट्रकवर ड्रायव्हर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. सासरा गेटवर हाय म्हणून सून वाटेल ते नेते, असं कोणी म्हणू नये, म्हणून मी माझाच एक रूल केला होता. पहिली झडती सुनेची. ती रोज सगळ्यांच्या पुढं उभी राहायची, डोक्यावर पदर, पिशवी उघडून धरलेली. मी डबा हलवून बघायचो आणि "हं" म्हणायचो. मागच्या बायका बघत असायच्या. मला त्याचा अभिमान वाटायचा.

तिला काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. हवं-नको ते सासूला सांगायचं, सासू मला सांगणार. घरात तसं, म्हणून गेटवरही तसंच.

सत्त्याण्णव साल असेल. ती बाळंत झाली ती आठव्या महिन्यातच. मुलगी झाली. एवढीशी, ओंजळीत मावेल अशी, रडायची तर मांजराचं पिलू वाटायचं. डॉक्टरांनी बजावलं, आईच्या दुधाशिवाय हिला काही देऊ नका, पचणार नाही. तरी एकदा पिशवीतल्या दुधात पाणी घालून पाजलं, तर दोन दिवस उलट्या.

कारखान्यातल्या बायका ठेकेदाराच्या. घरी बसली की तिची जागा गेली. पण मी साहेबांना शब्द देऊन ठेवला होता, की दोन महिन्यांत सून हजर होईल.

बायको म्हणाली, "आणखी महिनाभर थांबू द्या की तिला."

"मी शब्द दिलाय."

"शब्द तुम्ही दिला, आन् जायचं तिनं."

"तू नातीला सांभाळ. बाकीचं मी बघतो," मी म्हणालो.

बाकीचं म्हणजे काय, ते माझं मलाच माहीत नव्हतं. घर मखमलाबादकडं, कामावर जायला दोन बस. सकाळी सातला निघालेली बाई दिवेलागणीला घरी. मधले बारा तास तान्ही पोर काय पिते, हा प्रश्न मला पडला नाही. पोर बाळसं धरत होती. म्हटलं, बायकांनी काहीतरी केलं असेल.

ती परत कामावर आल्याला आठवडा झाला असेल. दुपारच्या सुट्टीत लाइनीतली सगळ्यात जुनी बाई केबिनपाशी आली. तोंडाची तिखट, साहेबांनाही दबायची नाही.

"वॉचमनदादा, केबिन द्या जरा. पंधरा मिनिटं."

"कशाला?"

"एका बाईला बसायचंय."

"कोणत्या बाईला? काय झालंय?"

"बायकांचं काम हाय. तुम्ही बाहेर बाकड्यावर बसा, दोन बिड्या ओढा. तवर होतंय."

"केबिन म्हणजे काय धर्मशाळा हाय का? वॉचमनशिवाय आत कोणी बसायचं नाय. रूल हाय."

"धर्मशाळेला दार तरी असतं, दादा. आमच्या संडासाची कडी तुटून दोन महिने झाले."

"मग ते साहेबांना सांगा."

"साहेबांना सांगण्यासारखं असतं तर तुमच्या दारात कशाला आले असते?"

"मी इथं बायकांची गाऱ्हाणी ऐकायला बसलोय का?"

ती माझ्याकडं बघत राहिली. तिला नाव घ्यायचं होतं, पण माझ्या सुनेनं तिला शपथ घातली होती. ते मला मागाहून कळलं. जाता जाता म्हणाली, "जपा कडी. लय सोन्याची हाय."

मी हसलो.

त्याच सुमाराला कॅन्टीनचं दूध कमी पडायला लागलं. साहेब गेटवर येऊन म्हणाले, "मामा, दूध बाहेर जातंय. लक्ष ठेवा." साहेबांनी स्वतः येऊन सांगितलं म्हणजे माझ्या दृष्टीनं ते काम सगळ्यात मोठं झालं.

तिसऱ्या दिवशी सहा वाजता रांग लागली. सून पहिली. डबा उचलला, तर खाली ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली. खोकल्याच्या औषधाची असते तसली, हिरव्या बुचाची. उजेडात धरून बघितली. निम्मी दुधानं भरलेली.

"हे काय?"

ती खाली बघत होती.

"कुठून आणलं? अगं, मी काय विचारतोय?"

रांगेतून ती जुनी बाई ओरडली, "दादा, आधी माझं ऐका."

"तुम्ही रांगेत राहा. चोराची वकिली करू नका."

तो शब्द माझ्या तोंडून गेला. माझ्या डोक्यात एकच, की आपल्याच घरात चोर निघाला, आता आपण काय करतो हे सगळे बघणार. मी बूच काढलं आणि बाटली गेटशेजारच्या मातीत उलटी केली. सगळ्यांना दिसेल अशी. दूध पातळ होतं, निळसर. माझ्या मनात आलं, कॅन्टीनवाला पाणी तरी किती घालतो.

सुनेचा हात पुढं आला. एकदाच. मग तो पदराखाली गेला आणि ती बसकडं चालायला लागली.

मी आत जाऊन रजिस्टरात लिहिलं. दूध, अर्धी बाटली, कॅन्टीनचे, जप्त. बाहेर आलो तर ती जुनी बाई समोर उभी. तिनं आपली पिशवी माझ्यापुढं धरली आणि हळू आवाजात म्हणाली, "ते कॅन्टीनचं नव्हतं, दादा. तुमच्या नातीचं होतं."

"नातीचं म्हणजे?"

"म्हणजे तिच्या अंगावरचं."

उरलेल्या रांगेची झडती मी घेतली. काय बघितलं ते आठवत नाही.

घरी पोचलो. सून आतल्या खोलीत पोरीला घेऊन भिंतीकडं तोंड करून बसली होती. बायको चुलीपाशी. तिच्यासमोर पितळेचं बोंडलं, माझ्या पोरालाही त्यातूनच पाजलेलं. घासून पुसून पालथं घातलेलं.

"बाटली तरी आणलीत का?" तिनं विचारलं.

बाटली केबिनमध्ये होती. मुद्देमाल म्हणून ठेवली होती मी.

मग बायकोनं सांगितलं, हळू, आत ऐकू जाऊ नये म्हणून. मेडिकलमधून दूध काढायचा काचेचा पंप आणला होता, रबरी फुग्याचा. तो कारखान्यातच लपवलेला असायचा. दुपारच्या सुट्टीत सून संडासात जायची. एका पायानं दार दाबून धरायचं आणि उभ्यानंच दूध काढायचं. ती जुनी बाई बाहेर पहारा द्यायची. रोजची बाटली घरी आली की शेजारणीच्या फ्रीजमध्ये, आणि दुसऱ्या दिवशी बोंडल्यानं पोरीला. गेटवरून ती कमरेला खोचून आणायची, पदराखाली, कारण मी अंगाला हात लावत नाही हे तिला माहीत होतं. आदल्या दिवशी अंगाच्या उबेनं दूध नासलं, म्हणून त्या दिवशी पहिल्यांदाच पिशवीत ठेवलं.

"आख्ख्या गल्लीला माहीत हाय," बायको म्हणाली.

"मग मला का नाय सांगितलं?"

"तुम्हाला? तुम्हाला काय सांगता येतं?"

मी जेवलो. पानात वाढलेलं टाकू नये म्हणून जेवलो. आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, पण सासऱ्यानं सुनेशी असलं काय बोलायचं, कोणत्या शब्दात, ते मला कोणी शिकवलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर शब्द असते तरी मी वाकलो नसतो. मी तसा नव्हतो.

दुसऱ्या दिवशी पोरीला पिशवीतलं दूध द्यावं लागलं. दुपारपर्यंत तिनं ते सगळं बाहेर टाकलं.

तिकडं साहेबांनी रजिस्टर बघून मला बोलावलं. "काय मामा, चोर घरातच?"

"नाही साहेब. ते दूध कंपनीचं नव्हतं."

"मग कोणाचं?"

"आमच्या घरचं."

"घरून दूध आणायचं आन् परत घरी न्यायचं? हा काय प्रकार?" साहेब हसायला लागले. मला पुढचं बोलता येईना. मी नुसता उभा राहिलो, तेव्हा काय समजले कोण जाणे, त्यांचं हसू थांबलं. "बरं, लिहा तसं रजिस्टरात."

मी त्या नोंदीखाली लिहिलं, 'वरील दूध कंपनीचे नाही.' खाली आणखी एक ओळ लिहायला पाहिजे होती, चूक वॉचमनची. पेन टेकवलं होतं. लिहिली नाही.

त्या दिवशी बारा वाजता मी केबिन झाडली. खुर्ची पुसली, खिडकीला पोतं बांधलं, टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवला, शेजारी ती हिरव्या बुचाची बाटली, कॅन्टीनमध्ये उकळून आणलेली. जुन्या बाईला म्हणालो, "केबिन मोकळी हाय. कोणाला बसायचं असलं तर बसा." आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो, रस्त्याकडं तोंड करून. पाठीमागं पावलं वाजतील म्हणून कान तिकडंच.

पावलं वाजली, ती जुन्या बाईची. "ती नाय येत, दादा."

"का? सांग तिला, मी नाय बघत इकडं."

"सांगितलं. ती म्हणती, आता काढायला काही नाय."

तसं एका दिवसात थोडंच आटतं? रात्री पोरीला पाजायची ती, थोडं थोडं. पण दिवसाचं दूध तिनं काढणंच सोडलं. बायकोनं शतावरी दिली, अळिवाची खीर दिली. पंधरा दिवसांत रात्रीचंही गेलं. बायको म्हणाली, धसका घेतला. डॉक्टर म्हणाले, दूध काढलं नाही की कमी होणारच. दोघांचं मी ऐकून घेतलं. मी रोज बाराला केबिन मोकळी करून उन्हात उभा राहायचो आणि ती समोरच्या बदामाखाली बसून डबा खायची. केबिनकडं पाठ करून.

पोर वाचली. पहिलं वर्ष दवाखान्यातच गेलं, पण वाचली. आता तिचं लग्न झालंय. अंगानं अजून बारीकच आहे.

केबिनचं म्हणाल तर पुढं दुसऱ्या बायका यायला लागल्या. कोणी ओली बाळंतीण, कोणाची पाळी, कोणाला नुसतं रडायचं असायचं. आतून कडी लागायची आणि मी बाहेर. ट्रकवाले विचारायचे, "मामा, केबिन सोडून उन्हात कशाला?" मी त्यांच्या ट्रकचा नंबर वाचायला लागायचो. नोकरी सुटली त्या दिवशी नव्या वॉचमनला चावी देताना सांगितलं, "बारा ते साडेबारा बाहेर उभं राहायचं."

"का हो?"

"रूल हाय."

असा कोणता रूल कुठं लिहिलेला नव्हता. पण माझ्या तोंडून आला म्हणून त्यानं मान डोलावली.

सून त्या केबिनमध्ये कधीच आली नाही. आणि त्या संध्याकाळनंतर ती रांगेत पहिलीही उभी राहिली नाही. सगळ्यात शेवटी यायची. मी काही म्हणायच्या आत पिशवी बाहेरच्या बाकड्यावर उलटी करायची. डबा, रुमाल, बसचे सुटे पैसे, चावी. मी "राहू दे" म्हणायचो, तरी करायची. पुढं ती नोकरी सोडेपर्यंत करत होती.

आता मी दिवसभर घरीच असतो. ती बाजारातून आली की ओट्यावर, मला दिसेल अशी, पिशवी रिकामी करते. मेथी, बटाटे, साखरेची पुडी, सगळ्यात शेवटी दुधाची पिशवी. मग रिकामी पिशवी झटकून खुंटीला लावते. मी पेपर तोंडापुढं धरतो. वाचत नसतो.