जातो नाही, येतो

पाहुणा आला की लोक चहा ठेवतात. माझा आतेभाऊ आला की मेन स्विचपाशी माणूस बसवतात. चालू यंत्राची वीज मुद्दाम घालवणारा दुसरा इसम अख्ख्या पांढरकवड्यात सापडायचा नाही. हैदराबादच्या एका कंपनीसाठी तो घरी बसून डेटाबेस सर्व्हर लिहायचा, म्हणजे नोंदींची मोठी कोठी. वीज गेली तरी त्या कोठीतला दाणा सांडता कामा नये, हा त्याचा ध्यास. चाचणी म्हणून आधी स्वतःच्याच संगणकाची वीज तोडायचा, मग दुसऱ्यांच्या यंत्रांवरही हात शिवशिवायला लागले. माझ्या साखरपुड्यात लाउडस्पीकर मध्येच मेला, तेव्हा सगळ्यांनी आधी त्याच्याकडे पाहिलं.

जेवायला हाक मारली की तो एक बोट वर करी. म्हणजे ऐकलं. हातातली ओळ पुरी होईस्तोवर मात्र उठत नसे. "निरोप आला म्हणून काम अर्धं टाकून पळाचं नसते. आला एवढं ध्यानात ठेवाचं, अन् बरोबर जागेवर आलं का थांबाचं. सर्व्हर बी असाच थांबला पायजे," असं वर आत्यालाच शिकवायचा. तिसऱ्या हाकेला आत्या झारा घेऊन येई. "ह्या निरोपाले बोट दाखवता येत नाही," म्हणत तो गुमान पाटावर बसे.

खरा हट्ट पुढेच होता. पडलेल्या सर्व्हरनं उठायचं कसं, हे त्याच्या पोटात कायमचं कोंबू नये. प्रत्येक नव्या जातीच्या नोंदींनी आपली उठायची रीत बाहेरून आणून जोडावी. कंपनीचे साहेब फोनवर म्हणत, एकच रीत ठेवा. हा ऐकतो कशाला! "लग्न उरकलं का आचारी आपले गंज-पातेले ओळखते, मंडपवाला आपल्या खुर्च्या. नवरदेवाच्या बापानं फक्त आवाज द्याचा. त्यानं गंज कायले उचलाचे?" शेवटी साहेबांनी अट घातली: खऱ्या कामावर दाखवा, नाहीतर सगळं पुसून टाकू. त्याची सारी मेहनत त्या एका वाक्यावर टांगली गेली.

खरं काम म्हणजे आमचं जिनिंग, कापसातली सरकी काढायचा कारखाना. तिथे कापसाच्या वजनकाट्यावर मी बसतो. काट्याच्या नोंदी त्याच्या सर्व्हरवर ठेवायला मालकाला मीच राजी केलं. बाहेर गाड्यांची रांग, साहेब फोनवर, आणि यानं शांतपणे मेन स्विच पाडला. वीज आली, सर्व्हर उठला, काट्याच्या नोंदी पाहून 'ओळखत नाही' म्हणाला आणि पुन्हा आडवा झाला. आतेभाऊ डोकं धरून बसला, मग एकदम मांडीवर थाप मारली. "अबे, मी आवाज आधी देल्ला अन् आचारी मागून बलावला!" काट्याच्या नोंदींची रीत सर्व्हर उठायला लागण्याआधी जोडायची, ती यानं नंतर जोडली होती. साहेब म्हणाले, राहू द्या आता. "नाही साहेब, अजून एक डाव पाडतो." क्रम सुधारला आणि पुन्हा स्विच पाडला. या वेळी शेवटच्या गाडीच्या वजनासकट सगळं जागच्या जागी उभं राहिलं. साहेबांनी हात टेकले.

बंद होताना सर्व्हर पडद्यावर 'जातो' असं लिहायचा. ते वाचून आत्या भडकली, "जातो काहून म्हणते तो? येतो म्हणाव त्याले!" साहेबांना न जुमानणाऱ्या या गड्यानं तो शब्द उभ्याउभ्या बदलला.

हट्ट पुरा झाला, आणि त्यापायीच कंपनीनं त्याला हैदराबादला बोलावून घेतलं. बसस्टँडवर मी म्हटलं, "जातं का मंग?" त्यानं बोट वर केलं, बॅग नीट ठेवली, आणि मग खिडकीतून म्हणाला, "येतो."

दिवाळीला यायचा होता, पण काम निघालं. मेन स्विचपाशी आता कोणी बसत नाही, आणि मला ते बघवत नाही. आत्या बाजारातून परतताना संध्याकाळी काट्यावर थांबते. मी सर्व्हर बंद करतो, पडद्यावर 'येतो' उमटतं. तिचं वाचून होईस्तोवर मी पडदा मालवत नाही.