जमुनाबाईच्या विमानातली छाट

कुडव्याच्या जमुनाबाईला कुणी ‘आता आराम करा’ म्हटलं की तिच्या तळपायाची आग मस्तकात जाते. अकराव्या वर्षी तिनं पहिली बिडी वळली, आणि साठी उलटली तरी तिचं सूप मांडीवरून उतरलं नव्हतं. नवरा केवलराम गेला, तेव्हा तेरावं आटोपल्याच्या दुसऱ्या दिवशी ती ओसरीत पानं कातरत बसली होती. लोकांनी नावं ठेवली. तिनं ती ऐकली आणि वळत राहिली.

मागच्या वर्षी तिच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. गोंदियाच्या डॉक्टरानं दोन महिन्यांत पायावर उभं केलं, हातही परत आला, पण बोटांत थरथर राहिली. तरी बाई पान भिजवून बसलीच. बिड्या व्हायच्या. एखादीचं तोंड नीट दुमडायचं नाही, एवढंच.

आता श्यामलाल ठेकेदाराबद्दल सांगायला हवं. बायकांना पान, तंबाखू आणि धागा देणारा तोच आणि वळलेल्या बिड्या परत घेणाराही तोच. कट्टे, म्हणजे बिड्यांच्या जुड्या, तपासताना ज्या बिड्या त्याला पसंत पडत नाहीत त्या तो बाजूला काढतो. त्यांना छाट म्हणतात. छाटीची मजुरी मिळत नाही. बरं, खराब आहे तर बाईला परत द्यावी, तर तेही नाही. छाट जाते श्यामलालच्या टोपल्यात, आणि ते टोपलं संध्याकाळी विकायच्या चांगल्या मालात रिकामं होतं हे कुडव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. बोलत मात्र कुणी नाही, कारण बोलणारीला दुसऱ्या दिवशी फाटकी पानं मिळतात.

तीन आठवडे त्यानं जमुनाबाईच्या निम्म्या बिड्या छाटीत काढल्या आणि चौथ्या आठवड्यात तिचं बिडी कामगाराचं कार्डच गल्ल्याच्या खणात टाकलं.

“जमुनाबाई, अब हाथ नहीं रहे तुम्हारे. घरी बसा, आराम करा.”

ती रडली नाही. पण त्या कार्डासाठी तिचा जीव तुटला, हे खरं. सातबारा नवऱ्याच्या नावाचा, घर मुलाच्या नावाचं. आयुष्यभरात तिच्या स्वतःच्या कामाचा, स्वतःच्या नावाचा कागद तो एकच होता. तो तिला परत हवा होता आणि श्यामलालच्याच हातून हवा होता.

डॉक्टर म्हणाला होता, बोटं चालती ठेवा. म्हणून सून रेणूनं एक दिवस तिच्यापुढे मुगाचं ताट ठेवलं.

“आई, हे निवडत बसा. बोटायले व्यायाम होते.”

जमुनाबाईनं मुगात हात घातला. एक खडा नाही, एक काडी नाही. दुकानातून निवडून, पाकिटात भरून आलेले मूग! सासूला गुंतवून ठेवायला सुनेनं साफ मूग साफ करायला दिले होते.

“मी का येडी होऊन राहिली वो?” तिनं ताट सरकवलं. “दुसरं काही काम नाई का या घरात?”

रेणू बिचारी ओशाळली. तिच्या मनात वाईट नव्हतं. पण जमुनाबाईची नजर तोवर कपाटाच्या माथ्यावर गेली होती. तिथे एक खोका धूळ खात पडला होता आणि त्यावर लढाऊ विमानाचं चित्र होतं. तिचा मुलगा विक्की गोंदिया रोडवर गाड्यांच्या नंबरप्लेट रंगवतो, रेडियम लावतो. वायुदलातून मिग-२१ विमानं निवृत्त झाल्याची बातमी आली, तेव्हा साहेबांना उमाळा आला आणि त्यांनी मोबाइलवरून प्लॅस्टिकचं मिग मागवलं. शंभरच्या वर तुकडे बघून उमाळा एका रविवारात ओसरला.

“काढ ते खाली,” संध्याकाळी तिनं विक्कीला फर्मावलं.

“माय, ते लई बारीक काम हाय. तुह्याच्यानं नाई होनार.”

“कायले नाई होनार? पन्नास वर्सं का मी भाकरी थापली फक्त?”

दुसऱ्या दिवसापासून ओसरीत सुपात बिड्यांच्या जागी विमान आलं. पुस्तिकेतली अक्षरं परकी होती, पण चित्रं होती, आणि चित्रं बघायला शाळा लागत नाही. पान कातरायच्या कात्रीनं तिनं एकेक तुकडा प्लॅस्टिकच्या दांडीवरून सोडवला. हात थरथरला की करंगळी गुडघ्यावर टेकवायची, मनगट पोटाशी धरायचं, श्वास सोडायचा आणि मग कात्री दाबायची. पहिल्या दिवशी चारच तुकडे निघाले. पाचवा तिच्या हातून मोडला. तिनं त्याला एक सणसणीत शिवी हासडली आणि जोडला.

विमानाच्या पोटाचे दोन भाग चिकटवताना चिमटे नव्हते. तिनं बिडीचा धागा गुंडाळून गाठ मारली. चित्रात नाकाच्या आत काहीतरी भरायची खूण होती. भरायचं म्हटल्यावर हाताला जे पन्नास वर्षं ठाऊक तेच झालं, बाईनं विमानाच्या नाकात तंबाखू भरला! विमान उभं केलं तर मागे शेपटीवर बसलं. रेणू हसून हसून लोळायची बाकी राहिली. जमुनाबाईलाही हसू आलं, पण तिनं दाखवलं नाही. डिंक ओला होता तोवर धागा सोडला, तंबाखू झटकला आणि विक्कीच्या गाडीच्या बेअरिंगमधले जुने लोखंडी छर्रे भरले. नाकाला वजन हवं होतं, ते मिळालं.

चांदीरंग विक्कीच्या दुकानातला, ब्रशही त्याचाच, सगळ्यात बारीक. एका ठिकाणी थर जाड झाला. तिनं तो घासून काढला आणि पुन्हा दिला. गल्लीतल्या बाया यायच्या, म्हणायच्या, या वयात खेळणं काय करता. ती म्हणायची, “तुम्ही सिरियल पायता, मी काई म्हनते का?”

शेवटी राहिले स्टिकर. केशरी, पांढरं, हिरवं असं गोल चिन्ह आणि शेपटीवरचे आकडे. इथे विक्की पुढे सरसावला.

“हे माह्यं काम हाय माय. रेडियम मी रोज लावतो.”

त्यानं नखानं कड उचलली आणि टर्रकन आकडा फाडला. जमुनाबाईनं त्याच्या हातावर चापट मारली. कागद उजेडात धरून उलटसुलट पाहिला.

“हे सुकलं हाय. सुकं पान कोनी वळते का रे? फाटनारच. पहिले वलं करा लागते.”

तिनं ताटलीत पाणी घेतलं, गोल चिन्ह कातरून त्यात सोडलं आणि पान मुरायला थांबतात तशी थांबली. मिनिटाभरानं तिनं बोट लावलं, तर चिन्ह कागदावरून आपोआप सरकलं आणि अलगद पंखावर उतरलं. विक्कीनं पुस्तिका उघडली. त्या पानावर पाण्याची वाटी काढलेली होती, आणि रोज रेडियम लावणाऱ्या पठ्ठ्यानं ती पाहिलीच नव्हती. फाटलेला आकडा तिनं ब्रशानं रंगवला. त्याला तीन दिवस लागले.

शनिवारी बिड्या जमा करायचा दिवस. जमुनाबाईनं विमान सुपात ठेवलं, वर फडकं टाकलं आणि श्यामलालच्या दुकानात रांगेत उभी राहिली. पुढे शेजारची नंदाबाई होती. तिच्या मूठभर बिड्या श्यामलालनं नुकत्याच छाटीत काढल्या होत्या.

“तुमचं कार्ड बंद आहे, बाई,” जमुनाबाईला बघून तो म्हणाला.

तिनं फडकं काढलं.

श्यामलालनं हात पुसले आणि विमान उचललं. “विक्कीनं केलं?”

“म्या.”

त्यानं ते डोळ्यांशी धरलं. चाकं पाहिली, काच पाहिली, काचेआडचा इवलासा पायलट पाहिला. पण जन्मभर खोट काढत आलेला माणूस तो. उलटं केलं तेव्हा पोटाखाली त्याला सापडलंच. चांदीरंगात अंगठ्याचा पुसट ठसा उमटला होता.

“ये देखो! छाट निघाली, बाई,” तो खूश होऊन हसला. “ठेवून जा. दुकानात शोभेल.”

मालकाच्या विनोदावर हसायची सवय असते, तशा बायका हसल्या. जमुनाबाई हसली नाही.  श्यामलालला ती आजवर ‘तुम्ही’ म्हणत आली होती.

“छाट हाय नं? मंग मोड.”

“काय?”

“पंख धर अना मोड. माह्या समोर मोड.”

श्यामलालनं विमानाकडे पाहिलं. “इतनी बढिया चीज कोई तोडता है क्या?”

“बढिया हाय तं छाट काऊन म्हनतेस? ठेवाले मांगतेस म्हंजे चांगली हाय. मंग हे करनारे हात खराब कसे? माह्या बिड्या छाटीत टाकल्या तवा मोडली का एक तरी?”

 श्यामलालनं विमान जपून सुपात ठेवलं, खण उघडला आणि तिचं कार्ड काउंटरवर सरकवलं. “घ्या. पान घेऊन जा आणि हल्लागुल्ला करू नका.”

जमुनाबाईनं कार्डाला हात लावला नाही.

“पहिले नंदाच्या मोड.”

नंदाबाई दचकली.  मग तिनं स्वतःच टोपल्यात हात घातला, आपल्या बिड्या वर काढल्या आणि श्यामलालपुढे ठेवल्या. “मोडा भाऊ,” ती म्हणाली. मागून आणखी कुणीतरी म्हणालं, “माह्या बी.”

श्यामलालनं एक बिडी चिमटीत धरली. सगळ्या बघत होत्या. त्यानं ती मोडली नाही. खाली मान घालून चांगल्या कट्ट्यांच्या बाजूला ठेवली. मग दुसरी ठेवली. तिसरीपासून बायका मोठ्यानं मोजू लागल्या, आणि मोजता मोजताच जमुनाबाईनं आपलं कार्ड उचललं.