कानाशी धरलेलं काडतूस

काडतूस हातात घेतलं की मावशी ते आधी कानाशी नेऊन हलवायची. बाजारात नारळ घेताना आपण आतलं पाणी ऐकतो ना, अगदी तसं. आतली गोळी जराशी सैल असली, बारीकशी जरी खळखळ झाली, तरी ते बाजूला. "हा बडबड्या हाय. नको." जे गप्प राहील ते पदराला पुसून माझ्यासमोर काउंटरवर उभं करायची. अशी चार-पाच गप्प काडतुसं निवडून होईपर्यंत मागचं गिऱ्हाईक घड्याळ बघून थकायचं.

बंदुकीच्या दुकानात कोण येत असेल असं तुम्हाला वाटतं? पिळदार मिशांचे शिकारी? आमच्याकडे बँकेचे वॉचमन येतात, फार्महाऊसचे मालक येतात आणि भात पोटरीला आलं की पिकाच्या राखणीसाठी परवाना मिळालेले शेतकरी येतात. त्यात बाई एकच, ही मावशी. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला परवाना आणि दारातूनच, "जयभीम, भाऊ."

तिचं गाव रेवदंड्याच्या पुलापलीकडे, खाडीला लागून. नवरा गेल्यावर त्याची दुनळी बंदूक आणि परवाना तिच्या नावावर झाला. पहिल्यांदा आली तेव्हा आमच्या शेठना गंमत वाटली.

"बाई, काडतुसं कोणासाठी?"

"डुकरासाठी," ती म्हणाली. "तुमच्यासाठी लागली तर तसं सांगीन."

शेठनी जे तोंड वहीत घातलं ते ती जाईपर्यंत वर काढलं नाही. तेव्हापासून ती माझं गिऱ्हाईक झाली.

मी तिला सगळे प्रकार मांडून दाखवले. बारीक छर्र्यांचं काडतूस, ते पाखरांसाठी. एल.जी., म्हणजे वाटाण्याएवढे मोजके मोठे छर्रे. आणि बॉल, म्हणजे सबंध काडतुसात शिशाची एकच गोळी. रानडुकरासाठी बहुतेक लोक एल.जी. नेतात. नेम थोडा चुकला तरी एखादा छर्रा लागतोच. मी तेच सांगितलं.

"लागतो," ती म्हणाली. "पण मरतो का?"

मग तिने सांगितलं. नवऱ्याने एकदा एल.जी. झाडली होती. डुकरीण लंगडत बांध ओलांडून कांदळवनात शिरली. "दिसायची न्हाय, पन वरडायची. भरती चढली की वरडायची, ओहोटीला गप. त्या चिखलात मानूस शिरत न्हाय. आमच्या घरात चूल पेटली न्हाय, भाऊ. वरडनं थांबलं तवा यांनी उरलेली काडतुसं खाडीत टाकली."

तेव्हापासून त्या घरात फक्त बॉल. "एकाला एक," हे तिचं पालुपद होतं. बॉल मारायचा तर जनावर अगदी जवळ येऊ द्यावं लागतं, आडवं उभं राहू द्यावं लागतं. बरेचदा ते येतच नाही, आणि मग बंदूक तशीच घरी न्यावी लागते. ती न्यायची. तिच्या दुनळीच्या डाव्या नळीचं तोंड आवळलेलं होतं, त्यातून बॉल मारला तर नळी फुटायची भीती. म्हणून घाईत चूक होऊ नये यासाठी तिने उजव्या नळीच्या मुळाशी निळा दोरा बांधला होता.

एकदा माझ्या तोंडून गेलं, "मावशी, तुम्ही रोज बुद्धवंदना करता आणि..."

"आनि डुक्कर मारते. बोल की." ती हसली नाही. "पंचशीलातलं पयलंच आमी मोडतो. मोडायचं तर एका आवाजात मोडावं. त्याला कळायच्या आत."

ही एवढी निवडून नेलेली काडतुसं ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची. खाडीच्या हवेत पितळेला हिरवं चढतं, दारू सादळते; तांदूळ ओल ओढून घेतात. तिच्या काडतुसाला कधी गंज दिसला नाही. तरी एकदा ती रुमालात बांधून एक काडतूस परत घेऊन आली.

"हे मुकं निघालं, उडलंच न्हाय. बदलून दे."

"आणि डुक्कर?"

"माज्याकडं बघून गेलं. त्याचा दिवस व्हता." मग जरा थांबून, "नाकावर पांढरा डाग व्हता. पुन्हा आला तर वळखीन मी त्याला."

वनखात्याचा कागद असल्याशिवाय ती चाप ओढत नसे, आणि डुक्कर पडलं की स्वतःच गार्डला फोन करायची. "डुक्कर मेला की दुसऱ्या दिवशी पंचनामा. भात मेला की साहेब मीटिंगला." मटणाच्या वाट्याची वाट बघणारे गाववाले तिच्या नावाने बोटं मोडायचे. ती म्हणायची, "मी राखनीला बसते, खानावळीला न्हाय."

कापणी झाली की ती पुन्हा एकदा यायची. त्या वेळी काडतुसं नको असायची. काउंटरवर नव्या तांदळाची पुडी ठेवायची, मला वास घ्यायला लावायची आणि मी मान डोलावली की निघून जायची. वर्षातून दोनदाच येणारी बाई. पण दिवाळीनंतर मी दाराकडे बघत असे, हे आता लक्षात येतं.

तिच्या सासऱ्यांनी ती जमीन कूळ म्हणून कसली आणि मग ती त्यांच्या नावावर झाली. त्या घरातली पहिली स्वतःची जमीन. पूर्वी तिच्या शेताच्या चहूबाजूंनी भात असायचं, सगळे मिळून राखणीला बसायचे, एकमेकांना हाका मारायचे. मग एकेक घर मुंबईला गेलं. शेतं पडीक पडली, त्यांत रान माजलं, रानात डुकरांनी बस्तान मांडलं. शेवटी हिरवा तुकडा एकच उरला, तिचा. डोंगरातून उतरणारं प्रत्येक डुक्कर तिच्याकडेच येणार.

दोन्ही मुलगे मुंबईजवळ, कामोठ्याला. त्यांचं म्हणणं, आता बस. ती ऐकत नव्हती. शेवटी तडजोड झाली. ती मला तिने काडतुसं हलवता हलवताच सांगितली.

"यंदाचं भात घरात आलं तर जमीन ऱ्हाते. न्हाय आलं तर मी त्यांच्यासंगं जायाचं आनि जमीन इकायची सही करायची. मीच बोलले तसं. मला काय म्हायती व्हतं..."

वाक्य तिने पुरं केलं नाही, कारण तेव्हा आम्हा दोघांनाही ठाऊक झालं होतं. ऐन दाणा भरायच्या दिवसांत निवडणूक लागली होती. आचारसंहिता लागली की परवान्याची हत्यारं जमा करावी लागतात, पोलिस ठाण्यात किंवा आमच्यासारख्या दुकानात. तिने दुकान निवडलं. जुन्या लुगड्यात गुंडाळलेली दुनळी दोन्ही हातांनी माझ्याकडे दिली. "ठान्यात कोपऱ्यात पडंल. तुज्याकडं पुसली तरी जाईल." शेतीच्या राखणीसाठी सूट मागता येते म्हणून मी तिचा अर्ज लिहून दिला, तिने तो दिला, आणि त्याचं उत्तर यायची आम्ही वाट बघू लागलो.

उत्तराआधी ती आली. केसांत भाताचा पाचोळा, डोळे सुजलेले.

"चार दिस दे, भाऊ. कापनी झाली की आनून ठेवते."

"मावशी, देता येत नाही."

"वाटेत कोन बघतंय? लुगड्यात गुंडाळून नेते. परवा मी एसटीत तशीच आनली, कंडक्टर म्हनला छत्री का."

"माझ्यावर केस होईल. दुकानाचं लायसन जाईल."

ती माझ्यामागच्या रॅककडे बघत होती. तिथून निळा दोरा दिसत होता. मध्ये जाळी होती, जाळीला कुलूप होतं, आणि कुलपाची चावी माझ्या कमरेला होती.

"निवडनूक हाय हे डुकरांना कुनी सांगितलं का रं?" ती म्हणाली. एरवी मी हसलो असतो. तीही हसली असती.

मग तिने एक गोष्ट केली ती मला विसरता येत नाही. तिने माझी समजूत काढली. "ऱ्हाऊ दे. तुजी पोरंबाळं हायत. मी इचारायचंच नव्हतं." आणि पिशवी खांद्याला लावून स्टँडकडे गेली.

रविवारी मी फटाक्यांची पिशवी घेऊन तिच्या गावी गेलो. तिच्या कामाची म्हणून नाही, मला घरी बसवेना म्हणून. बांधावरून चालत गेलो तर शेताच्या मधोमध मचाण, मचाणाला टांगलेले पत्र्याचे डबे, आणि मचाणाखाली बसलेली ती. भात उभं नव्हतं. डुकरं जितकं खातात त्याच्या कितीतरी पट लोळून घालवतात. लोंब्या चिखलात रुतल्या होत्या. काही ठिकाणी जमीन अशी उकरली होती की नांगर फिरला असं वाटावं. आदल्याच दिवशी शेवटचा कोपरा गेला होता.

"फटाके आनलेस व्हय?" ती म्हणाली. "पोरांना दे. मी पन लावले. दोन दिस पळाली. मग बसून बघायची."

मी तिच्याशेजारी बसलो. खाडीला भरती लागली होती, कांदळवनाच्या मुळांत पाणी चढत होतं. ती त्या बाजूला कान देऊन ऐकत होती. तिकडे काही नव्हतं.

"तो नाकावर पांढऱ्या डागाचा व्हता त्यात," ती म्हणाली. "इथं उभा ऱ्हायला, असा आडवा. इतका जवळ, की डब्यावर काठी मारायची पन सुचली न्हाय. मी हात असा उचलला, बंदूक असल्यासारखा." तिने हात उचलून दाखवला. मोकळा हात, एक डोळा मिटलेला. मग खाली घेतला. "एकाच गोळीत गेला असता रं तो. वरडला पन नसता."

मी कायदा मोडला नाही. कुणी मला बोल लावला नाही, तिने तर नाहीच. शेठनी शाबासकी दिली. एखादा गुन्हा केला असता तर निदान तो कुणापुढे तरी कबूल करता आला असता. मी नियमाने वागलो, आणि नियमाने वागल्याची माफी कुणाकडे मागायची हे मला अजून कळलेलं नाही.

निकाल लागला, हत्यारं परत द्यायचा आदेश आला. तिच्या अर्जाचं उत्तर तोवर आलंच नव्हतं. ती आली ती मोठ्या मुलाबरोबर. मी बंदूक पुसून तयार ठेवली होती. का कोण जाणे, बॉलचा डबाही काढून ठेवला होता. सवयीने तिचा हात डब्यात गेला. एक काडतूस उचलून तिने कानाशी धरलं, हलवलं.

"आई, चल ना," मुलगा म्हणाला. वाईट मुलगा नव्हता. बिचारा टॅक्सी थांबवून आला होता.

"चांगलं हाय," ती मला म्हणाली आणि ते काडतूस पुन्हा डब्यात ठेवलं. "बंदूक हितंच ऱ्हाऊ दे, भाऊ. तिकडं सातव्या माळ्यावर काय मारू?"

"पुसत जाईन," मी म्हणालो.

"उजवी नळी जास्त पूस. तीच चाललेली हाय." दारापर्यंत जाऊन ती वळली. "यंदा तुला तांदूळ न्हाय."

त्यानंतर ती आली नाही. पुढच्या पावसाळ्यात मुलाचा फोन आला. आई गेली, आणि बंदूक आम्हाला नको, परवाना कुणाच्या नावावर करायचा नाही, काय करायचं ते कळवा. मी काय करायचं ते कळवलं. आवाज मला जमेल तितका कोरडा ठेवला. वारस नको म्हणतो ती बंदूक शेवटी सरकारजमा होते. तिचा कागद आता टेबलावर आहे. पोलिस ठाण्याचा माणूस या आठवड्यात येईल, दुनळी नेईल, आणि ती कुठल्या तरी कोपऱ्यात पडून राहील. मावशीला जे नको होतं तेच.

आज मी ती शेवटची पुसली. उजवी नळी जास्त. निळा दोरा सोडवावा की राहू द्यावा, ठरेना. राहू दिला.

दुपारी एक शेतकरी आला होता. तिच्या पलीकडच्या गावचा, नवा परवाना, भेदरलेला चेहरा. डुकरासाठी काय देऊ, विचारलं तर म्हणाला, "जे जास्त लागतं ते." मी त्याच्यापुढे बॉल ठेवला आणि बॉल का, ते सांगायला लागलो. कांदळवन, भरती, ओरडणं. त्याने मध्येच तोडलं. "साहेब, एवढं जवळ कोण येऊ देईल? एल.जी. द्या." मी एल.जी. दिली. परवान्यावर नोंद केली, पावती फाडली.

तो गेल्यावर बॉल परत डब्यात ठेवायच्या आधी मी तो कानाशी धरला आणि हलवला. गप्प होता. बराच वेळ मी तसाच धरून उभा राहिलो.